डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमचा आकार बदलताना बघायचाय: क्रिस्टल, क्रायो-ईएम की फ्रेट?

डीएनए रिपेअरच्या एन्झाइमवर प्रोजेक्ट घ्यायचाय आणि टेक्निक कुठलं घेऊ यावर गाडी अडलीय, तर आधी रिझोल्यूशनचे आकडे बाजूला ठेवा. तुम्हाला एन्झाइमचा एखादा ठरावीक आकार बारकाईनं हवाय, मधल्या अवस्था हव्यात, की एकीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो ते हवंय, एवढं ठरवा. एकाच मशीनवर तिन्ही होईल असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या.

क्रिस्टल म्हणजे प्रोटीनचा स्फटिक करून त्यावर एक्स-रे मारायचे, त्यात अणूअणू दिसतो, पण एन्झाइम गप्प बसलेलं लागतं. मानवी डीएनए लायगेज १ बघा, २००४ मध्ये त्याचं डीएनएसकट स्ट्रक्चर आलं. हे एन्झाइम एकाच धाग्यातली चीर सांधतं, त्याचे तीन डोमेन (प्रोटीनचे वेगवेगळे भाग) चिरेभोवती बांगडीसारखे पूर्ण वेढा घालून बसतात. पण ते तसं पकडायला काय काय केलंय बघा, प्रोटीनच्या सुरुवातीची २३२ अमिनो आम्लं कापून टाकली, आणि चिरेच्या ज्या टोकावरच्या हायड्रॉक्सिलनं जोड बसतो तो हायड्रॉक्सिलच नसलेला डीएनए दिला, म्हणजे रिअ‍ॅक्शन शेवटच्या पायरीआधीच अडकली. फोटो अप्रतिम, पण तो अडकवलेल्या क्षणाचा. आणि दरवेळी आकार बदलेलच असंही नाही बरं का, तुटलेल्या डीएनएचं टोक पकडणाऱ्या कू ७०/८० चं डीएनएसकट आणि डीएनएविना असं दोन्ही क्रिस्टल २००१ मध्ये आलं तर रिंग आधीपासूनच तयार, डीएनए नुसता ओवला जातो, बदल किरकोळ. असं एन्झाइम घेऊन 'आकार बदल' हा विषय धरलात तर हात चोळत बसाल.

मोठ्या कॉम्प्लेक्ससाठी माझं मत सरळ क्रायो-ईएम, म्हणजे सॅम्पल झटकन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढणं. डीएनए-पीकेसीएस, म्हणजे कूच्या जोडीनं तुटलेली टोकं जोडायला लागणारं एन्झाइम, एकटंच ४१२८ अमिनो आम्लांचं धूड, त्याचं क्रिस्टल २०१० मध्ये ६.६ अँगस्ट्रॉमवर (आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट) आणि २०१७ मध्ये ४.३ वर, यावरून त्रास समजून घ्या. क्रायो-ईएमला क्रिस्टल लागतच नाही, शिवाय एकाच सॅम्पलमधले वेगवेगळे आकार कॉम्प्युटरवर वेगळे काढता येतात. २०१९ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाच्या एमआरई११-रॅड५० चं, म्हणजे डीएनएचं टोक कापणाऱ्या जोडीचं, जे आलं ते माझं सगळ्यात लाडकं, कारण बदल डोळ्यांत भरतो: डीएनए नसताना एमआरई११ चं कापायचं तोंड रॅड५० नं अडवलेलं, आणि डीएनएचं टोक आलं की रॅड५० च्या दोन लांब कॉइल्ड-कॉइल (दोरीसारखे पीळ घातलेले भाग) एकमेकींना चिकटून दांडा होतात, डीएनए पकडला जातो, आणि एमआरई११ बाजूला सरकून कापायच्या पोझिशनला येतं. विनाकारण कात्री चालू नये म्हणून केवढी व्यवस्था! पण आधी कुठली अवस्था आणि नंतर कुठली हे तुम्ही तर्कानं लावता, घड्याळ त्यात नाही. छोटी प्रोटीन्स, म्हणजे ५० किलोडाल्टन वजनाच्या खालची, अजून जड जातात, आणि ग्रिडवरच्या (सॅम्पल ठेवायच्या जाळीवरच्या) पाण्याच्या पातळ थरात हवेला लागून प्रोटीन खराब होतं ते वेगळंच.

घड्याळ हवं असेल तर सिंगल-मॉलिक्यूल फ्रेट. प्रोटीनवर किंवा डीएनएवर दोन ठिकाणी चमकणारे दोन रंग लावायचे, साधारण २ ते १० नॅनोमीटरमध्ये अंतर बदललं की एकाचा उजेड कमी आणि दुसऱ्याचा वाढतो, तेही लाइव्ह. २०१६ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात डीएनएच्या दोन टोकांनाच रंग लावून बघितलं तेव्हा कळलं की कू आणि डीएनए-पीकेसीएस टोकं आधी लांबूनच धरून ठेवतात, आणि एक्सएलएफ, लायगेज ४ वगैरे जोडणीची बाकी प्रोटीन्स असतील आणि डीएनए-पीकेचं (कू आणि डीएनए-पीकेसीएस मिळून) किनेज काम, म्हणजे प्रोटीनला फॉस्फेट लावणं, चालू असेल तरच ती अगदी जवळ येतात. हा क्रम नुसत्या फोटोंवरून छातीठोकपणे सांगता आला नसता. अणू मात्र विसरा, एका वेळी एकच अंतर मिळतं.

अल्फाफोल्डचं, म्हणजे प्रोटीनचा आकार वर्तवणाऱ्या एआयचं, मॉडेल सुरुवातीला रंग कुठे लावायचे ते ठरवायला मस्त, आकार बदलाचा पुरावा म्हणून नाही.

आता माझ्यावर सोपवाल तर: लहान एन्झाइम आणि औषध कुठे बसतं हे बघायचं असेल तर क्रिस्टल, दोन्ही धागे तुटलेल्या डीएनएचं कॉम्प्लेक्स असेल तर क्रायो-ईएम आणि वर फ्रेट. फ्रेटला हात घालायच्या आधी एक जेल (जोडलेला आणि तुटलेला डीएनए लांबीनुसार वेगळा दाखवणारी चाचणी) चालवाच, रंग लावायला सिस्टीन (रंग ज्याला चिकटतो ते अमिनो आम्ल) इकडचं तिकडे केल्यावर एन्झाइम डीएनए अजून जोडतंय का ते बघायला, नाहीतर मेलेल्या एन्झाइमची हालचाल मोजत महिने जातात.