पडल्यावर पुन्हा स्वारी की थेट बाद?

इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या तीन टप्प्यांच्या स्पर्धेत (ड्रेसाज म्हणजे शिस्तबद्ध चाली, क्रॉस कंट्री म्हणजे मोकळ्या रानातील अडथळ्यांची दौड, आणि मैदानातील उड्डाणफेरी) क्रॉस कंट्रीच्या फेरीत पडलेल्या स्वाराला पूर्वी दंडगुण घेऊन पुन्हा घोड्यावर बसता येई. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मात्र पहिल्याच पडण्याला तो बाद ठरतो.

जुन्या पद्धतीचे मोठेपण आणि धोका १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये एकत्रच दिसले. जर्मनीचा कोनराड फॉन वांगेनहाइम पाण्याच्या अडथळ्याजवळ पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. संघातील तिघांनीही स्पर्धा पूर्ण करणे आवश्यक असल्याने तो तशाच अवस्थेत घोड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी उड्डाणफेरीत घोडा त्याच्यासह कोसळला, तरी त्याने फेरी पुरी केली आणि संघाला सुवर्णपदक मिळाले. ही जिद्द थक्क करणारी आहे, पण जखमी माणसाने भक्कम अडथळ्यांवरून धावत्या घोड्याचा तोल सांभाळायचा, यात घोड्याचाही जीव पणाला लागतो, हे विसरता येत नाही.

नव्या नियमात संदिग्धता जवळजवळ उरत नाही: पुन्हा खोगिरावर चढावे लागेल अशा रीतीने स्वार घोड्यापासून वेगळा झाला, की ते पडणे. मानेला मिठी मारून लोंबकळलेला स्वार सावरून बसला, तर फेरी चालू राहते. कठोरपणाची बोच सांघिक स्पर्धेत जाणवते, मात्र टोकियो २०२० पासून ऑलिंपिकमध्ये २० दंडगुण स्वीकारून राखीव जोडी (स्वार आणि घोडा) उतरवण्याची सोय असल्यामुळे जखमी स्वारावर संघाचे ओझे पडत नाही. म्हणूनच मला नवा नियम निःसंशय अधिक योग्य वाटतो.