लाइव्ह ऑर्केस्ट्रा ऐकून आलो, साडेतीन स्टार, त्यातला अर्धा कुणाचा ते खाली आहे

परवा शनिवारी जाऊन आलो, तेव्हापासून चार जणांनी विचारलं कसा होता म्हणून, तर एकदाच लिहून टाकतो. हॉलचं आणि आयोजकांचं नाव लिहिणार नाही, का ते पुढे कळेलच. बडोद्यात झाला एवढं पुरे. जाहिरात अशी की ३६ वादक, पहिला भाग वेस्टर्न क्लासिकल, दुसरा भाग जुनी हिंदी गाणी, सगळं लाइव्ह, ट्रॅक अजिबात नाही. तिकिटं १२००, ८०० आणि ५००. मी ८०० वाली दोन काढली, एक माझं, एक सासूबाईंचं. बायकोला यात काडीचा रस नाही, सासूबाईंना आहे, त्या दांडिया बाजारात वाढलेल्या, त्यांचे वडील त्यांना कमाटी बागेतल्या बँडच्या गोष्टी सांगायचे, त्यामुळे एवढी माणसं एकदम वाजवणार म्हटल्यावर त्या दुपारी चारलाच साडी नेसून तयार, कार्यक्रम साडेसातचा.

पार्किंग ठीक. एसी फार, शाल न्या. सुरू व्हायला पंचवीस मिनिटं उशीर, पण बडोद्यात त्याला उशीर म्हणत नाहीत. खुर्च्या बऱ्या आहेत, फक्त आमच्या ओळीतली एक खुर्ची कुणी हललं की कुरकुरायची आणि ती नेमकी माझी निघाली.

वादक मी मोजले. चौतीस भरले, पस्तिसावे कंडक्टर, आणि छत्तिसावा बहुतेक तो स्टँड इकडचे तिकडे करणारा मुलगा धरला असणार. व्हायोलिनं चौदा, व्हायोला आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनची मोठी भावंडं, पण होते आणि खरे होते, हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि अँकर. ओबो आणि बासून ही फुंकून वाजवायची वाद्यं, ती वाजवणारी माणसं इथे कुठून मिळणार, तो भाग कीबोर्डवर भागवला, आणि तो कळत होता, प्लॅस्टिकच्या फुलासारखा. बाकी मंडळी मिश्र होती, काही आपल्या म्युझिक कॉलेजची पोरं, काही अहमदाबादची, पाच-सहा मुंबईहून आलेले मुरलेले लोक.

पहिला आयटम मोझार्टची ४० नंबरची सिंफनी, १७८८ ची. हिच्यात ट्रंपेट नाही, ढोल नाही, त्यामुळे 'भव्य' वगैरे जाहिरातीत जे होतं ते इथे नाहीच. सुरुवातीला नुसती व्हायोलांची दबकी धडधड, बाहेर कुणीतरी जिना चढतंय अशी, आणि मग त्यावर व्हायोलिनं ती सुरावट घेऊन येतात. ती आली आणि तीन सेकंदांत पुढच्या ओळीतल्या एक काकू मोठ्यांदा 'इतना ना मुझ से तू प्यार बढ़ा' गायला लागल्या. त्यांच्या बाजूच्या काकांनी दुसरी ओळ उचलली. सलील चौधरींनी १९६१ च्या छाया सिनेमात ती चाल याच सिंफनीवरून घेतली, तर काकूंचं काही चुकलं नव्हतं, पण चाल दोन ओळींनंतर दुसरीकडे वळते आणि काकू गाणं घेऊन सरळच गेल्या. हॉलमध्ये पिकला हशा. मला राग यायला पाहिजे होता, आला नाही, मी स्वतः मनात तेच गात होतो.

राग आला तो मोबाईलवर. आमच्या बरोबर पुढचा माणूस फ्लॅश चालू ठेवून व्हिडिओ काढत होता, तो दिवा सरळ सेकंड व्हायोलिनच्या डोळ्यात, आणि ती पोरगी मान वाकडी करून नोटेशन वाचतेय. सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर टकटक केलं, "अहो भाऊ, तो दिवा बंद करा, तिला दिसत नाहीये." तो म्हणाला, "सॉरी मासी, मारी दीकरी छे." म्हणजे जिच्या डोळ्यात दिवा मारत होता तीच त्याची मुलगी. सासूबाई म्हणाल्या, "मग तर आधी बंद करा." केला बिचाऱ्याने. मागे एका कुटुंबाने लीला चिवड्याची पिशवी नेमकी स्लो मूव्हमेंटला, म्हणजे सिंफनीच्या संथ भागाला, उघडली. चिवडा ओला असतो, आवाज करत नाही, पण पिशवी करते.

आता टाळ्यांचं. पहिली मूव्हमेंट संपली, अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या अर्ध्यातल्या जाणकारांनी 'शू शू' केलं. सिंफनीच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात असा नियम आहे, मान्य, पण हे सोवळं मोझार्टच्या नंतरचं आहे. खुद्द मोझार्टने ३ जुलै १७७८ ला पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय, त्यात तो खुशीत सांगतो की एक जागा लोकांना आवडणार हे त्याला वाजवायच्या आधीच माहीत होतं आणि लोकांनी तिथेच, चालू मूव्हमेंटमध्ये, टाळ्या वाजवल्या. आणि कार्यक्रम संपल्यावर तो जाऊन आईस्क्रीम खाऊन आला. म्हणजे हा माणूस दाद घ्यायला टपलेला होता आणि आम्ही त्याच्या नावाने एकमेकांना गप्प करतोय. आपण बैठकीत समेवर वाहवा करणारे लोक, नाटकात वन्स मोअर घेणारे, आपल्याला हात मांडीखाली दाबून बसायला सांगू नका. टाळी चालेल. बोलणं, फोन आणि पिशवी नाही चालणार, कारण टाळी वाजवणाऱ्याचं निदान लक्ष तरी स्टेजकडे असतं.

वाजवलं कसं? पहिली मूव्हमेंट जरा घाईत, तिसरी सगळ्यात छान, शेवटच्या मूव्हमेंटला व्हायोलिनांची बोटं दमलेली ऐकू येत होती, चेलो शेवटपर्यंत पक्के. साऊंडवाल्याने गरज नसताना प्रत्येक सेक्शनला माईक लावले होते, दोनदा शिट्टी वाजली. एवढ्या हॉलला तंतुवाद्यं तशीच पुरतात, पण ऐकतो कोण.

मग मध्यंतर. पंधरा मिनिटांचं जाहीर झालं, झालं पन्नास मिनिटांचं.

चहा २० रुपये, बरा होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, घंटा नाही. अँकर येऊन 'तांत्रिक कारण' म्हणून गेला. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा सेकंड व्हायोलिनला होता म्हणून मी मागच्या दाराने विंगेकडे गेलो, बघतो तर पॅसेजमध्ये सगळी मंडळी लोखंडी ट्रंकांवर बसलेली, वाद्यं केसमध्ये आणि केस बंद. म्हटलं, "काय रे, काय झालं?" म्हणाला, "काका, दोन हजार नाईट ठरलीय. अर्धे आधी देणार होते, दिले नाहीत. चार तालमी झाल्या, त्यांचं तर काही धरलंच नाहीये." वाघोडिया रोडवरून अलकापुरीला चार वेळा येणं-जाणं, पेट्रोल स्वतःचं. माझ्या दोन तिकिटांचे सोळाशे आणि याची नाईट दोन हजार, मी तिथेच उभा राहून हिशोब केला आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

आयोजक हात जोडून म्हणत होते की शो पत्या पछी आपी दइश, म्हणजे शो संपल्यावर देऊ, स्पॉन्सरचा चेक अडकलाय. खरंही असेल, हॉलचं डिपॉझिट, साऊंड, लायसन्स, सगळं त्यांना आधीच भरावं लागतं, आणि अशा कार्यक्रमात कुणी बंगले बांधत नाही हे मला कळतं. पण एक क्लॅरिनेटवाले काका होते, साठीचे, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, ते आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "गेल्या वेळचे पण शो नंतरच होते. पहेला पैसा, पछी बीजो हाफ." आधी पैसे, मग दुसरा भाग. आणि केसवर दोन्ही हात ठेवून बसले. मुख्य गायकाचं पाकीट दुपारीच पोचलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. कंडक्टरसाहेब ग्रीन रूमचं दार लावून आत. मला शिकागो आठवलं, २०१९ मध्ये तिथल्या सिंफनीचे वादक पेन्शनसाठी सात आठवडे संपावर होते तेव्हा रिकार्डो मुती, त्यांचा म्युझिक डायरेक्टर, उघड त्यांच्या बाजूने जाऊन उभा राहिला होता.

परत येऊन सासूबाईंना सांगितलं. म्हटलं हे काही बडोद्यालाच होतं असं नाही, फिलाडेल्फियाला ३० सप्टेंबर २०१६ ला सीझनच्या पहिल्याच रात्री लोक नटूनथटून हॉलमध्ये येऊन बसले आणि वादक संपावर गेले, कार्यक्रम रद्द, दोन दिवसांनी तडजोड. आणि मोझार्टच्याच काळातल्या संगीतकार हायडनने तर १७७२ मध्ये यावर सिंफनीच लिहिली, त्याचे राजेसाहेब उन्हाळी महालातून हलायला तयार नाहीत, वादकांना घरी बायकामुलांकडे जायचंय, तर शेवटच्या भागात एकेक जण आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि शेवटी दोनच व्हायोलिनं उरतात. राजेसाहेबांना कळलं म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे सयाजीरावांच्या वेळी पगार तरी होता." तो होता खरा. कलावंत कारखाना नावाचं खातंच होतं संस्थानात, गवई, बजवय्ये, नर्तकी सगळे नोकरीवर, हजेरी, रजा, दंड, सगळ्याचे नियम, आणि कडक नियम, म्हणजे तेही काही सुखाचं नसणार. १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तीच पुढे आपलं म्युझिक कॉलेज झाली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी या गावात सतार वाजवणं ही पगारी नोकरी होती, आणि परवा त्याच कॉलेजची पोरं ट्रंकेवर बसून हजार रुपयांची वाट बघत होती.

पुढचं मात्र भारी झालं. आयोजकांनी कुणाकुणाला फोन करून पैसे उभे केले आणि एकेकाला यूपीआय करायला लागले. पडद्यामागून टिंग. मग टिंग टिंग. हॉलमधल्या लोकांना वाटलं ट्रँगल ट्यून करतायत. आधी फोन वाजला की मान वळवून बघणारा मी, आता मोजत बसलो, तेवीसपर्यंत मोजले, मग घंटा झाली आणि पडदा उघडला.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला वाजला, याला योगायोग म्हणा हवं तर. शंकर-जयकिशनच्या गाण्यांना चौदा खरी व्हायोलिनं मिळाली की काय होतं ते ट्रॅकवर कधी कळणार नाही, मुखडा संपतो आणि मागून भिंतच्या भिंत उठते. ती भिंत रचणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, गोव्याचे, आणि त्या भिंतीतले शेकडो वादक, त्यांची नावं रेकॉर्डवर कधी आली? त्यांच्यातल्याच अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता आणि मन्ना डे गायला. ते फार टिकलं नाही. आजही अँकरने तिन्ही गायकांची नावं निदान सहा-सहा वेळा घेतली, शेरोशायरी केली, केटररचेही आभार मानले, आणि चौतीस जणांसाठी 'आणि आमचे सर्व साथीदार'. पत्रिकेतही नाहीत. क्लॅरिनेटचा सोलो असा लागला की सासूबाई "आहा" म्हणाल्या आणि त्याच वेळी लाईटवाल्याने स्पॉट गायकावर मारला, जो त्या वेळी पाणी पीत होता.

गायक ठीक. गायिका चांगली. फर्माइशींच्या चिठ्ठ्या मात्र बंद करा, स्टेजवर सव्वीस चिठ्ठ्या आणि नोटेशन सगळं ठरलेल्या बारा गाण्यांचं, अँकर वाचून दाखवतो आणि मग सॉरी म्हणतो, कशासाठी?

तर तीन स्टार कार्यक्रमाला आणि अर्धा त्या क्लॅरिनेटवाल्या काकांना. आयोजकांचं नाव लिहिलं नाही कारण उशिरा का होईना त्यांनी सगळ्यांचे दिले, पोराला विचारून खात्री केलीय. तालमींचे नाही दिले. पुन्हा झाला तर बाल्कनीतलं ५०० चं घ्या, वर स्पीकरचा मारा कमी आहे आणि खऱ्या वाद्यांचा आवाज जास्त पोचतो.

बाहेर पडताना आयोजक दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, छान झाला, फक्त पुढच्या वेळी पत्रिकेत वादकांची नावं छापा, एका पानाचा तर खर्च. ते म्हणाले, "जोइए." म्हणजे बघू.