मिनी कन्व्हर्टिबल की सॉफ्ट टॉप थार? नागपुरात घ्यायची तर

मामेभावाला छत उघडणारी लहान गाडी घ्यायची आहे, म्हणून वर्धा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथे त्याच्या कामाच्या दोनच गाड्या होत्या: २०१६ मध्ये भारतात आलेल्या पिढीतली मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल आणि २०२० च्या मॉडेलची सॉफ्ट टॉप थार. दोन्ही चार मीटरच्या आत, चौघांच्या, कापडी छताच्या. साम्य तिथेच संपतं.

मिनीचं छत बटणावर १८ सेकंदांत उघडतं, तेही ताशी ३० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत. नागपुरात याला फार किंमत आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. होळीनंतर पाऊस येईपर्यंत दुपारी छत उघडायचं नावच नको. उरते ती थंडी, आणि उन्हाळ्यात पहाटे सेमिनरी हिल्स किंवा रात्री जेवण झाल्यावर फुटाळा तलाव. सगळे अर्ध्या-पाऊण तासाचे मोके. थारचं छत हातानं सोडवून मागे घडी करावं लागतं. तेवढ्याशा फेरीसाठी हा खटाटोप तुम्ही चार वेळा हौसेनं कराल, पाचव्या वेळी छत बंदच राहील.

बाकी बहुतेक बाबतींत मात्र थार सरस आहे. ४x४ आहे, जमिनीपासून चांगली उंच आहे, पेंचकडच्या कच्च्या रस्त्यावर जीव खालीवर होत नाही. मिनी बुटकी. तिचे रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) टायर कडक, त्यामुळे आपल्या सिमेंट रोडचा प्रत्येक जोड पाठीला कळतो. डिकी २१५ लिटरची, छत उघडलं की १६० च उरते. चौघं बसून सामानासकट कुठे जायचा विचार असेल तर ही गाडी पाहूच नका. पळायला मात्र ती सुंदर आहे: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९२ हॉर्सपॉवर.

जुनी घेताना खरी तपासणी छताची. इंजिन चालू ठेवून ते तीनदा उघडबंद करायला लावा. मध्येच अडखळलं, कुरकुरलं, तर त्या गाडीचा नाद सोडा. मागच्या काचेभोवतीची शिवण आणि दारावरचे रबर बोटानं चाचपा. ऊन आधी तिथेच खातं. मग गाडी वॉशिंगला नेऊन वरून पाणी मारायला सांगा आणि तुम्ही आत बसा.

आणखी एक गोष्ट, जी इथल्या प्रत्येक जुन्या गाडीला लागू आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा घरांबरोबर कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. कापडी छताच्या गाडीत ओल दिसली की विकणारा म्हणेल, थोडं गळतं छत. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी मातकट रेघ असेल तर पाणी वरून नाही, खालून आलेलं आहे. सीटच्या रुळांवरचा गंजही पाहा आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा.

माझं मत सरळ आहे. घरात ही एकच गाडी असणार असेल तर थार. दुसरी गाडी असेल आणि पार्किंगवर पक्कं छत असेल तर मिनी. पार्किंग उघड्यावर असेल तर मी दोन्हींना नाही म्हणेन, आपल्या उन्हात कापड टिकायचं नाही.

भावाकडे सेडान आहे, खाली बंद पार्किंगही आहे. "मिनीच मनात बसून राहिली ना भाऊ," असं तो परतताना म्हणाला. येत्या रविवारी आम्ही भर दुपारी दोनला पुन्हा जाणार आहोत. छत बंद, एसी चालू, आणि विमानतळापर्यंत एक फेरी. गाडी किती वेळात थंड होते ते पाहायचं, मग टोकनचं बोलायचं.