फिटच्या गोळीसाठी ठाण्यात नौपाड्यातलं हे मेडिकल, आमच्या चिकूचा अनुभव

माणसांच्या मेडिकलवर कुत्र्याचा रिव्ह्यू कशाला असं कोणाला वाटेल, पण ज्यांच्या घरी फिट येणारं कुत्रं आहे त्यांना लगेच कळेल. फिटची औषधं पेट शॉपमध्ये मिळत नाहीत. फेनोबार्बिटोन काय, लेव्हेटिरासिटाम काय, सगळी माणसांचीच, डॉक्टर फक्त वजनावर डोस काढून देतात, त्यामुळे शेवटी जायचं ते कोपऱ्यावरच्या मेडिकललाच आणि ते मेडिकल कसं आहे यावर खूप काही अवलंबून असतं.

चिकू आमचा बीगल, 12 किलो, आता साडेचार वर्षांचा. पहिली फिट आली तेव्हा अडीच वर्षांचा होता, रात्री दोनला, पाय ताठ, तोंडाला फेस, गादीवर सू झाली. सासूबाई धावत जाऊन कांदा फोडून घेऊन आल्या आणि मी त्याच्या तोंडात बोट घालायला निघाले होते, जीभ गिळेल म्हणून. दोन्ही चुकीचं. कुत्रं जीभ गिळत नाही, पण त्या वेळी त्याला शुद्ध नसते आणि जबडा असा मिटतो की बोट तुटायचं. डॉक्टर म्हणाले आजूबाजूचं सामान सरकवा, लाइट बंद करा, घड्याळ लावा, जमलं तर व्हिडिओ काढा, बस. मग रक्त, शुगर, लिव्हर, गोचीड ताप सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही, म्हणजे एपिलेप्सी. साधारण 6 महिने ते 6 वर्षं या वयात सुरू होते आणि बीगलमध्ये बऱ्यापैकी दिसते म्हणे.

गार्डिनल 30, म्हणजे फेनोबार्बिटोनचीच गोळी, सुरू झाली, एक सकाळी 8 ला, एक रात्री 8 ला. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, मागचे पाय लडखडायचे, दिवसभर झोप, पाणी तर बादलीभर प्यायचा आणि भूक अशी की पोळीचा डबा उघडला की वेडा व्हायचा. लडखडणं गेलं, भूक आहे तशीच आहे. कोणाचं नवीन सुरू झालं असेल तर घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका एवढं कळकळीने सांगते, कारण बंद केल्यावर काय होतं ते मी बघितलंय.

गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे दोनच गोळ्या उरल्या होत्या. तेव्हा आम्ही घराजवळच्या दुसऱ्या एका दुकानातून घ्यायचो, नाव नाही घेत. तिथे म्हणाले स्टॉक नाही सोमवारी या, कुत्र्यासाठीच हवीये ना मग दोन दिवसांनी काय बिघडतं. मी पण घरात पाहुणे, आरत्या, या गडबडीत दुसरीकडे शोधायला उशीर केला, माझी चूक आहेच ती. तीन डोस चुकले आणि एका दिवसात तीन फिट आल्या. तिसरी चार मिनिटांच्या वर गेली. चोवीस तासांत दोन किंवा जास्त आल्या तर त्याला क्लस्टर म्हणतात आणि एकच फिट 5 मिनिटांच्या पुढे गेली तर सरळ इमर्जन्सी, हे सगळं मी त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून शिकले. गोळी एकदम थांबली की मेंदूवरचा लगाम एकदम सुटतो, आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकते. गोळी स्वस्त आहे हो, काही रुपयांचा प्रश्न, आणि त्या गोळीसाठी माझं बाळ तसं तडफडत होतं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

दवाखान्यातल्याच एका ताईंनी हे दुकान सांगितलं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या काकांनी चिठ्ठी नीट वाचली, विचारलं पेशंट कोण, मी म्हटलं चिकू, बीगल. हसले नाहीत. वहीत लिहिलं, चिकू, डोस, डॉक्टरांचं नाव, माझा नंबर आणि कॅलेंडरवर खूण केली. तेव्हापासून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी फोन येतो, ताई चिकूची स्ट्रिप बाजूला ठेवलीये. एकदाही चुकलं नाही. कंपनी पण बदलून देत नाहीत, नसेल तर सांगतात आधी डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात मोठी गोष्ट सिरपची. त्या क्लस्टरनंतर चिकूला लेव्हेटिरासिटाम पण लागलं, दर 8 तासांनी. गोळी थुंकतो म्हणून मीच म्हटलं सिरप द्या, काकांनी बाटली काढली, भिंग लावून मागचं बारीक वाचलं आणि म्हणाले ताई हे शुगर फ्री दिसतंय, कुत्र्यांना काही गोडवे चालत नाहीत ना, डॉक्टरांना फोन करा. केला. डॉक्टर म्हणाले झायलिटॉल नावाचा गोडवा असेल तर अजिबात नको, कुत्र्याची शुगर धाडकन खाली येते, लिव्हर पण जाऊ शकतं. माणसांच्या सिरपमध्ये ते असू शकतं आणि माणसाला काही होत नाही त्यामुळे कोणी बघतच नाही. शेवटी 250 ची साधी गोळी घेतली, ती पनीरच्या तुकड्यात जाते. एकदा काउंटरवरच्या नवीन मुलाने घाईत 500 ची लाँग ॲक्टिंगवाली दिली होती, ती तोडून देता येत नाही, तोडली तर सगळं औषध एकदम सुटतं. काकांनी बिल करताना पकडलं आणि त्या मुलाला ओरडले नाहीत, शेजारी बसवून समजावलं.

नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे पण इथेच मिळाला, तो इमर्जन्सीसाठी फ्रिजवरच्या डब्यात असतो, किती पफ ते डॉक्टरांनी डब्यावर लिहून दिलंय. हे औषध शेड्यूल एच-1 या सरकारी यादीत येतं, दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, त्यामुळे चिठ्ठी नसेल तर मागू पण नका, मिळणार नाही आणि तेच बरोबर आहे. व्हेटच्या चिठ्ठीवर त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर, कुत्र्याचं आणि तुमचं नाव, तारीख, सगळं असू दे. माझी एकदा तारीख राहिली होती, परत पाठवलं, मला मानपाड्यावरून पुन्हा यावं लागलं, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. राग आला होता तेव्हा, आता नाही.

एक स्टार कापलाय तो गर्दीसाठी. संध्याकाळी सात ते नऊ जाऊ नका, गोखले रोडला गाडी लावायला जागा नसते, काउंटरवर एकावर एक लोक, काकांना दोन मिनिटं बोलायला मिळत नाहीत. सकाळी दहाला जा. रविवारी दुपारनंतर बंद. घरपोच फक्त जवळपास देतात, घोडबंदरला नाही.

बाकी फेनोबार्बची रक्तातली लेव्हल सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करायची असते आणि लिव्हरची टेस्ट दर सहा महिन्यांनी, ती तारीख पण काका आठवण करून देतात, त्यांचं काम नसताना. चिकूची लेव्हल आधी 16 आली होती, डॉक्टरांनी दीड गोळी केली, आता 24 आहे.

शेवटची फिट येऊन आज 74 दिवस झाले. डायरीत रोज टिक करते. उद्या पुढची स्ट्रिप आणायची आहे, काकांचा फोन मंगळवारीच येऊन गेला.