आठ एमएमची शीट, चौदा किलो दोनशे ग्रॅम

पाठीवर पंप घेऊन कापसात फवारणी करून कंबर गेली, म्हणून यंदा घरीच बॅटरीवर चालणारी छोटी फवारणीची गाडी करायला घेतली. मी परभणीचा, आयटीआयमधून फिटर झालेला, त्यामुळे हाताला सवय आहे. लोखंडी चासी औषधानं गंजते, शिवाय आमच्या काळ्या रानात गाडी जड झाली की चाकं रुतून बसतात. म्हणून ठरवलं, एचडीपीई या टणक प्लास्टिकची शीट. औषधाचे कॅन याच प्लास्टिकचे असतात, त्याला औषधाचं काही होत नाही.

मोटर किती ताकदीची लागेल हे बघायला आधी वजनाचा हिशोब मांडला. तो सोपा आहे. लांबी, रुंदी, जाडी सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि घनतेनं पुन्हा गुणायचं, उत्तर ग्रॅममध्ये येतं. मला चार फूट बाय चार फूट, आठ एमएम हवी होती. १२२ गुणिले १२२ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ११,९०० घन सेंटीमीटर. एचडीपीईची घनता ०.९५. झाले ११ किलो ३०० ग्रॅम. हा कागद घडी करून खिशात ठेवला आणि संभाजीनगरला गेलो.

दुकानदार गोड बोलणारा. "एकदम व्हर्जिन माल हाय बगा सर." म्हणजे भंगार न मिसळलेला, कोरा. शीट काळी होती. काळ्या शीटमध्ये आत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. काटा आत, गोदामात. बाहेर येऊन सांगितलं, १४ किलो २००. भाव किलोला १८०, म्हणजे २,५५६ रुपये. मी म्हटलं, जास्त वाटतंय. तो हसला, "चांगला माल जडच असतो, हलका माल भंगारचा." वर "बिल नसलं तर थोडं कमी करतो" म्हणाला. ५६ रुपये सोडले. मी खूश.

खिशातला कागद काढला नाही. फसलो तो तिथं. जवळजवळ तीन किलोचा फरक जाडीतल्या उन्नीस-बीसनं पडत नाही, एवढं तर मला यायला पाहिजे होतं.

घरी भोक पाडायला घेतलं तेव्हा मन चरकलं. चांगल्या एचडीपीईचा ड्रिलवर लांब, वळलेला कीस निघतो. इथं भुसा पडत होता. तरी गाडी जोडली. दुसऱ्याच दिवशी बांधावरून उतरताना एक्सलच्या बोल्टपाशी चासी तडकली. खरं एचडीपीई आधी वाकतं, असं कडकन तुटत नाही.

मग सगळे तुकडे आणि भोकांचा भुसासुद्धा गोळा करून मोंढ्यात ओळखीच्या आडत्याच्या काट्यावर ठेवले. १३ किलो ९००. म्हणजे ३०० ग्रॅम तर शीटला बांधलेल्या पुठ्ठ्याचे आणि सुतळीचेच पैसे. जाडी व्हर्नियरवर बरोबर आठ एमएम. घनता निघाली १.१७ च्या आसपास. एक तुकडा बादलीत टाकला, तो तळाला गेला. एचडीपीई पाण्यावर तरंगतं. लेथवाले मामा म्हणाले, "फिलर भरलंय रे, खडूची भुकटी." अंगणात छोटा तुकडा जाळला तर बरीच राख उरली, आणि राखेवर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले. (घरात जाळू नका. पीव्हीसी असेल तर धूर फार वाईट.) भुकटी स्वस्त, जड, आणि विक्री किलोवर, दुकानदाराचं दोन्हीकडून साधतं.

परत गेलो तर म्हणाला, "कोणत्या दुकानातून घेतली सर? बिल दाखवा." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा विचार आला, पण हातात बिलच नाही. त्या ५६ रुपयांत मी ते विकून बसलो होतो.

बादलीची परीक्षा सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. अॅक्रिलिक १.१९, पॉलिकार्बोनेट १.२०, पीव्हीसी १.४ च्या आसपास. हे अस्सल असले तरी बुडतात. तिथं हिशोबच करायचा. तरंगतात ते एचडीपीई आणि पीपी (पॉलिप्रोपिलीन).

दुसरी शीट जालन्याहून घेतली. आधी कोपऱ्याचा तुकडा मागितला आणि शेजारच्या चहावाल्याच्या पाण्याच्या पेल्यात टाकला. चहावाला कपाळाला आठ्या घालून बघत होता. तुकडा वर आला. काटा समोर ठेवायला लावला: ११ किलो ४००. बिल घेतलं, आणि पेल्याचे म्हणून चहावाल्याकडे दोन चहा जास्त सांगितले.