चार कॉइल आणि एक काचपट्टी: फिरत्या चुंबकीय क्षेत्राने स्फटिकातले दोष काढताना, आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सुट्टीत हा संच जुळवला आणि आता पाऊस सुरू झालाय. मधले परीक्षांचे आठवडे सोडले तर जवळजवळ रोज वापरलाय. कोलॉइडल क्रिस्टल, म्हणजे एकाच मापाच्या सूक्ष्म गोळ्यांचे स्फटिक, बनवताना त्यातले दोष कमी करायला चुंबकीय क्षेत्र किती उपयोगी पडतं, हे आपल्याकडच्या कॉलेजांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या गोळ्या 2.8 मायक्रॉन व्यासाच्या. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या, पण आत लोह-ऑक्साइडचे नॅनोकण पेरलेले. क्षेत्र लावलं की प्रत्येक गोळी छोटा चुंबक होते, काढलं की चुंबकत्व राहत नाही. पाण्यात सोडल्यावर स्वतःच्या वजनाने तळाच्या काचेवर बसतात आणि एकाच थरात इकडेतिकडे थरथरत राहतात. निसर्गातला ओपल हा असाच स्फटिक. सिलिकाच्या सारख्या मापाच्या गोळ्या ओळीने रचलेल्या असतात म्हणून त्यात रंग खेळतात, हे 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. रचना बिघडली की रंगही बिघडतो. तांब्यात किंवा सिलिकॉनमध्ये अणूंच्या ओळी कुठे चुकल्या आणि ती चूक कशी सरकली, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून कधीच दिसत नाही. इथे 40 पटीच्या भिंगातून डोळ्यांनी दिसतं. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळेच.

स्थिर क्षेत्र दिलं तर गोळ्यांच्या माळा होतात, स्फटिक होत नाही. क्षेत्र काचेच्या प्रतलात गरगर फिरवलं, सेकंदाला वीस-तीस फेरे, तर माळांना त्या वेगाने वळता येत नाही. सरासरीने प्रत्येक गोळी शेजारणीला सगळ्या बाजूंनी सारखीच ओढते आणि षटकोनी मांडणीच्या चकत्या तयार होतात. त्यासाठी काचपट्टीभोवती चौकोनात चार कॉइल, समोरासमोरच्या दोन जोड्या. तार पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली, कॉइल जवळच्याच एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतल्या. "पंख्याचं आहे का, मॅडम?" म्हणाले. मी म्हटलं, काका, चारही अगदी सारखे लागतील, एक वेढासुद्धा कमीजास्त नको. त्यांनी मोजून दिले आणि आजवर एकही कॉइल बदलावी लागली नाही. लॅपटॉपच्या स्टिरिओ आउटपुटमधून दोन साइन लहरी, एक दुसरीच्या 90 अंश (पाव फेरा) मागे, आणि पुढे दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर. एवढंच.

पहिली अडचण ॲम्प्लिफायरची. 20 हर्ट्झला (सेकंदाला 20 फेरे) त्याचा एक चॅनेल कमजोर पडायचा. क्षेत्र गोल फिरायच्या ऐवजी लंबगोल फिरायचं, चकत्या एका दिशेला ताणल्या जायच्या आणि दोष त्याच दिशेने रांगेत बसायचे. दोन आठवडे मी गोळ्यांना दोष देत होते. मग प्रवाह मोजायला प्रत्येक जोडीत एक ओहमचा रोधक घालून ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) एक्स-वाय मोडवर लावला, म्हणजे एका जोडीचा प्रवाह आडवा आणि दुसरीचा उभा. पडद्यावर अंडं दिसलं. 30 हर्ट्झवर जाऊन ॲम्प्लिफायरच्या आवाजाची बटणं जुळवली तेव्हा वर्तुळ झालं. आता रोज सकाळी आधी वर्तुळ बघायचं, मगच काचपट्टी ठेवायची.

खरी चूक मात्र वेगळी होती आणि ती मी पहिले दोन महिने केली. दोष दिसले की क्षेत्र वाढवायचे. वाटायचं, घट्ट ओढलं की ओळी सरळ होतील. झालं उलटंच. 10 गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक; पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं) चकती दगडासारखी होते. जिथे रिकामी जागा राहिली तिथे ती तासभर तशीच. ओढीची ताकद क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे क्षेत्र निम्मं केलं तर ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. 4 ते 5 गॉसला गोळ्या एकमेकींना धरून राहतात, पण उष्णतेच्या धक्क्यांनी जागाही बदलू शकतात. तांबट आळीत भांडं ठोकून ठोकून कडक झालं की कारागीर ते भट्टीत तापवून मऊ करतात आणि मग पुढचं ठोकणं. ठोकण्याने धातूत वाढलेले दोष तापवल्याने कमी होतात. आमच्या संचात तापवण्याचं काम क्षेत्र कमीजास्त करणारं आवाजाचं बटण करतं: थोडं खाली, थोडा वेळ थांबा, हळूहळू वर.

मार्चमधली एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. चकतीच्या मध्यावर एक गोळी कमी होती, स्वच्छ काळं भोक. क्षेत्र उतरवलं. शेजारची एक गोळी जरा वेळ थरथरली आणि त्या भोकात सरकली, म्हणजे भोक एक घर बाहेर आलं. मग दुसरी. असं करत भोक वाकडंतिकडं फिरत कडेला पोचलं आणि नाहीसं झालं. लॅबमधले मामा कुलूप लावायला आले होते, तेही खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "हे पोरांना दाखवायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गाला दाखवलं.

दोन चकत्या जुळतात तिथली सीमा जास्त चिवट. तिथे गोळ्यांना सहाऐवजी पाच किंवा सात शेजारी असतात. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गोळ्यांच्या जागा काढून आम्ही पाचवाल्यांना लाल आणि सातवाल्यांना निळा रंग देतो, की सीमा माळेसारखी दिसते. फिरत्या क्षेत्रात चकत्या स्वतःही सावकाश गोल फिरतात. छोटी चकती मोठीला चिकटल्यावर कधीकधी वळून तिच्या ओळींशी जुळते आणि सीमा विरते. मोठ्या दोघी भिडल्या तर मात्र बटण कितीही खालीवर करा, तासन् तास फरक पडत नाही. क्षेत्र ठराविक वेळाने बंद-चालू करण्याची पद्धतही आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 'इनस्पेस' या प्रयोगमालेत, जिथे गोळ्या तळाला बसत नाहीत, तिथे अशा स्पंदित क्षेत्राचाच अभ्यास झाला. आमच्याकडे ती चालते, पण बंद काळ जरा जास्त झाला की चकती विस्कटते. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पंधरा मिनिटांत सगळं पाण्यात विरघळल्यासारखं होतं. ॲम्प्लिफायरला बॅटरी जोडलीच पाहिजे.

जे या पद्धतीने सुधारत नाही तेही सांगते. एकमेकींना कायमच्या चिकटलेल्या जोडगोळ्या आणि धूळ. एक धुळीचा कण अख्खी सीमा अडकवून ठेवतो. काच धुण्यात आळस केला तर क्षेत्र काही करू शकत नाही. एप्रिलमध्ये कॉइल आणि खोली दोन्ही तापल्यावर पाणी उडायचं आणि गोळ्या एका बाजूला वाहत जायच्या. कडा नेलपॉलिशचे दोन थर देऊन बंद केल्या आणि कॉइलवर छोटा पंखा लावला, तेव्हा थांबलं. शिवाय गोळ्या महाग आहेत, म्हणून एका पट्टीला अगदी थोडेच थेंब वापरतो.

कोणाला करायचं असेल तर पैसे आधी ऑसिलोस्कोपवर आणि चांगल्या भिंगावर घाला. कॉइल घरच्या चालतात. सध्या आम्ही बटण हाताने फिरवायचं सोडून उतार-चढाव प्रोग्रॅममध्ये बसवतोय. तीन मिनिटांत उतरवणं बरं की दहा, याच्या नोंदी चालू आहेत आणि आत्तापर्यंत दहाचं पारडं जड आहे.