‘ऑल इन्क्लुझिव्ह’ दीड लाखाचा हॉल आम्हाला केवढ्याला पडला

पुण्याच्या आसपास अधिवेशन, परिषद किंवा डीलर मीट घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचून घ्या. हॉलचं नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. पण ही पद्धत इतकी सर्रास चालते की नावावाचून तुमचं काही अडणार नाही.

आमची दंतवैद्यांची संघटना. दोन दिवसांचं अधिवेशन, साडेचारशे डेलिगेट, शिवाय कंपन्यांचे स्टॉल. शेवटी दोन कोटेशनं उरली. शहरातल्या सभागृहाने दिवसाला २ लाख ४० हजार मागितले. महामार्गालगतच्या नव्या ‘कन्व्हेन्शन सेंटर’ने दीड लाख सांगितले, वर मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅप: ‘सर, ऑल इन्क्लुझिव्ह. तुम्ही फक्त माणसं घेऊन या.’ यानंतर कमिटीत महागड्या हॉलचं नाव कोण काढणार?

आता आलेलं बिल ऐका. दोन दिवसांचं भाडं ३,००,०००. आदल्या रात्री हॉल ताब्यात दिल्याचे ७५,०००, जणू स्टॉल सकाळी आठला आपोआप उभे राहणार होते. जनरेटरच्या डिझेलचे ६४,०००. बाहेरचा साउंड आणि एलईडी वॉल आणली म्हणून त्या व्हेंडरच्या तीन लाखांच्या बिलावर वीस टक्के ‘रॉयल्टी’, म्हणजे ६०,०००. हाउसकीपिंग आणि बाउन्सर मिळून ३५,०००. बाउन्सर! दातांच्या डॉक्टरांना आवरायला. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ६,३०,१२० रुपये, डेलिगेटमागे चौदाशे.

ज्याला आम्ही महाग म्हणून सोडलं, त्याने त्याच्या आकड्यात आदली रात्र, जनरेटर आणि सफाई लेखी धरली होती. रॉयल्टी तो घेतच नव्हता. जीएसटी लावून तो ५,६६,४०० ला पडला असता, म्हणजे माणशी साधारण १,२६०. खरा भाव हा असा निघतो. दिवसाच्या भाड्यावरून दोन हॉलची तुलना करायला लावणं हाच या लोकांचा धंदा आहे.

हे जास्तीचे पैसे कधी मागितले, तेही बघा. आदल्या रात्री स्टॉलवाल्यांचे टेम्पो गेटवर लागले, तेव्हा. वॉचमनने साखळी काढायला नकार दिला, ‘वरून फोन आल्याशिवाय सोडायचं नाही’. मॅनेजरचा फोन लागेना. डेंटल चेअर भरलेला टेम्पो रस्त्यावर उभा, ड्रायव्हर वेटिंग चार्ज मोजतोय, हमाल बारानंतर थांबणार नाहीत. तासाभराने अकाउंटंट एक छापील कागद घेऊन उगवला, ‘अ‍ॅडिशनल चार्जेस’. अर्धे आत्ता भरा, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. आम्ही संस्थेच्या खात्यातून त्यांच्या कंपनीच्या खात्यावरच भरले आणि मेसेजमध्ये ‘हरकत नोंदवून’ असं लिहिलं. आज वकिलाच्या हातात जो काही पुरावा आहे, त्यातला मुख्य हाच.

पण पैशांपेक्षा मोठी फसवणूक सकाळी कळली. पाहणीच्या वेळी दाखवलेला प्रशस्त हॉल दोन भागांचा होता, मधलं घडीचं पार्टिशन तेव्हा भिंतीत सरकवलेलं. आता ते बंद होतं आणि पलीकडचा भाग एका हळदीला दिला होता. अकरा वाजता लातूरहून आलेले आमचे ज्येष्ठ डॉक्टर रूट कॅनॉलमधल्या गुंतागुंतीवर बोलायला उभे राहिले आणि पलीकडे डीजे सुरू झाला. पार्टिशन थरथरताना दिसत होतं. मॅनेजर म्हणतो, ‘सर, पूर्ण फ्लोअर तुमचा असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठंय?’ नव्हतंच, पण त्यानेच मेलवर पाठवलेल्या नकाशात आमच्या नावाने पूर्ण मजला रंगवलेला होता.

डेकोरेटरने लेझर टेप लावला. ब्रोशरमध्ये ८,००० चौरस फूट आणि क्षमता १,०००. आमच्या वाट्याला आले ४,६००. यातली गोम समजून घ्या. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी ८ ते १० चौरस फूट धरतात, गोल टेबलं मांडली तर १२ ते १५, समोर लिहायला बाकं हवी असतील तर त्याहून जास्त. स्टेज, मधल्या वाटा आणि चहाची टेबलं वेगळीच. ब्रोशरवाले एकूण फुटांना सरळ आठने भागतात आणि हजार छापतात. आमचे स्टॉल शेवटी टॉयलेटकडे जाणाऱ्या बोळात गेले. ‘हॉलमध्येच जागा’ म्हणून कंपन्यांनी पैसे मोजले होते, ते काहींना परत करावे लागले. हॉलची किंमत ठरवताना हे नुकसान कुणाच्या कोटेशनमध्ये दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही. पार्टिशन बंद झाल्यावर आपत्कालीन दारांपैकी एकच आमच्या बाजूला उरलं आणि त्याच्यासमोर त्यांच्याच जादा खुर्च्यांची थप्पी होती. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अशा इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीचा फॉर्म ‘बी’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो बेधडक मागा. ‘ऑफिसला आहे, पाठवतो’ म्हणणारा हॉल मी आता तिथेच सोडतो.

दर ठरण्याआधी नमुना बिल मागा, त्यात शून्य रुपयांच्या ओळीसुद्धा असू द्या: आदली रात्र शून्य, डिझेल शून्य, रॉयल्टी शून्य. एसी किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, हे लिहून घ्या. आमचा नऊला सुरू झाला, हॉल थंड व्हायला साडेदहा. मांडणीचा नकाशा चौरस फुटांसकट करारालाच जोडा, आणि त्याच मजल्यावर दुसरा कार्यक्रम घेतल्यास किती रक्कम कापणार तेही तिथेच लिहा. नाष्ट्याच्या प्लेटचं ‘मिनिमम गॅरंटी’ प्रकरण, म्हणजे माणसं कमी आली तरी ठरलेल्या प्लेटांचे पैसे द्यायचे, वेगळंच आहे, त्यावर पुन्हा कधी.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं उत्तर हॉलच्या वकिलाने दिलंय. संघटना ना-नफा आहे, त्यामुळे आमचे वकील तो मुद्दा लढवणार आहेत. डिपॉझिटमधून ‘कार्पेटवरचे डाग’ म्हणून कापलेले वीस हजार मात्र नोटीस जाताच आठवड्याभरात खात्यावर आले.